मेतकूट सिसिलीला चाललं

माझ्या मुलाने मला एकदाच विचारलं. सगळा घोळ तिथेच झाला.

दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारची सकाळ म्हणजे आमची फोनवर एकमेकांची तोंडं बघायची वेळ. तिकडे बंगळुरूला आमचा अनुपम, सून मेघना आणि नात अवंती. इकडे जबलपूरला, मदन महल स्टेशनच्या मागे, मी आणि आमचे हे, म्हणजे भय्यासाहेब. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. अनुपम म्हणाला, "आई, मे महिन्यात आम्ही सिसिलीला जायचा प्लॅन करून राहिलो. इटलीच्या खाली आहे ते. जुनी गावं, समुद्र, आराम. तुम्ही दोघं येता का?"

'इटलीच्या खाली' म्हणे! मला सांगतो! उभा जन्म मी पोरींच्या शाळेत भूगोल शिकवला. इटलीचा बूट मी खडूच्या एका रेघेत काढायची, आणि बुटाच्या टोकाशी सिसिली. भूमध्यसागरीय जलवायु, सर्दियों में वर्षा, गर्मियाँ शुष्क, जैतून, अंगूर, नींबू. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी आज आज्या झाल्या असतील, पण झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणतील.

आणि एवढं करून मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. कुठलाच नाही. शेजारच्या बायकांना हे खरं वाटत नाही. "दीदी, आप तो मराठी हैं, आपका तो समुंदर है," असं म्हणतात. कसला बाई समुंदर! आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले ते नर्मदेकाठचेच होऊन बसले. मुंबईकडे मी दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाला, एकदा कल्याण आणि एकदा डोंबिवली. हॉल पाहिले. शाळेची सहल दरवर्षी भेडाघाटला. माझं नाव शरयू. नाव नदीचं, घर नदीपाशी, आणि नद्या शेवटी जातात कुठे ते नकाशावर छडीने दाखवता दाखवता म्हातारी झाले.

तेव्हा सिसिली म्हटल्याबरोबर माझा जीव उड्या मारायला लागला. आणि तोंडाने मी काय म्हटलं? "अरे नको रे बाबा! तुम्ही जा मजेत. आम्ही म्हातारी माणसं कशाला तुमच्या गळ्यात?"

आणि मी थांबले.

आता हे थांबणं काय असतं ते आमच्याकडे पंगतीला बसलेल्या कोणालाही विचारा. पुरणपोळी घेऊन वाढणारी आली की ताटावर हात आडवा धरायचा. 'नको नको, खूप झालं.' ती म्हणते, 'अहो, एक तरी!' पुन्हा नको. ती पुन्हा, 'माझ्या हातची नाही का घेणार?' मग आपण सुस्कारा टाकायचा आणि हात काढायचा. खरी मेख हाताच्या बोटांत असते. बोटं गच्च मिटलेली असली तर माणसाचं पोट खरंच भरलंय. बोटं फाकलेली असली तर वाढा. पहिल्या हाकेला ताट पुढे करणाऱ्याला आमच्या सासूबाई 'हावरट' म्हणायच्या. एका लग्नात कोणी पाहुण्याने पहिल्याच विचारण्यात तीन लाडू घेतले होते, त्या घराण्यात पुढे आम्ही मुलगी दिली नाही.

तर मी थांबले. शेजारी भय्यासाहेबही म्हणाले, "हो न. आणि माझे गुडघे आहेत." तेही थांबले.

अनुपम म्हणाला, "ओके," आणि मागे स्वयंपाकघरात कुकर वाजला म्हणून उठून गेला.

ओके! मी त्या ओकेकडे बघतच राहिले. याला मी वाढवला? पण त्याचं त्याला बरोबरच होतं. मागे एकदा तोच सांगत होता, त्यांच्या कंपनीत सगळ्यांना बसवून ट्रेनिंग दिलं, की समोरचा नाही म्हणाला म्हणजे नाही, त्याच्या नाहीचा मान राखायचा, पुन्हा विचारणं म्हणजे दबाव. तेव्हा मीच म्हटलं होतं, किती चांगलं शिकवतात रे. घ्या आता.

पुढच्या रविवारी दुसऱ्यांदा विचारेल असं वाटलं. त्याने विचारलं ते असं: "आई, मेमध्ये तिकडे पाऊस असतो का?"

"नसतो," मी म्हटलं. "उन्हाळा कोरडा. पण मेमध्ये पाणी थोडं थंड असेल."

झालं. तेव्हापासून दर रविवारी मी त्यांची गाइड. चेफालूला राहायचं की सिराक्यूजला? मी म्हटलं, चेफालू. जुनं गाव आणि समुद्र एकमेकांना लागून, वर मोठा खडक, मध्ये नॉर्मन राजाने बांधलेलं चर्च. एक दिवस सिराक्यूजसाठी ठेवा, आर्किमिडीजचं गाव आहे, ग्रीकांनी दगडात कोरलेलं नाट्यगृह आहे. अवंती फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "आजी, तुम तो गूगल से भी ज्यादा जानती हो!" पोरीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. मग म्हणाली, "तुम क्यों नहीं आ रही?"

मी खुर्ची पुढे ओढली. पण लेकराचं विचारणं काही आमंत्रण नसतं. अनुपम म्हणाला, "बेटा, आजी को इतना लंबा सफर नहीं झेपता."

कोणाला झेपत नाही? दर शनिवारी मी घमापुरातून भाजीच्या दोन पिशव्या उचलून आणते, ते कोणाच्या खांद्यावर? असा संताप आला की फोन डब्यात घालून झाकण लावावं. पण बोलले काय, "हो ग बाळा, तू माझ्यासाठी शिंपले आण."

भय्यासाहेब शेजारी चहात बिस्कीट बुडवून बसले होते. बिस्कीट गळून पडलं तरी त्यांना कळलं नाही.

मग मेघना. मेघना नागपूरची, धरमपेठेतली, पोरगी हुशार, मनात काय आहे ते चेहऱ्यावर येऊ न देणारी. ती गोड आवाजात म्हणाली, "आई, तिकडे अवंती काही खाणार नाही हो. भाजणी आणि मेतकूट द्याल का करून? तुमच्या हातचं."

दिलं नाही तर काय करणार? डाळी भाजत उभी राहिले, आणि मेथ्या नाकात गेल्या म्हणून म्हणा, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझं मेतकूट सिसिलीला चाललं. मी नाही.

त्याच दिवशी मी ठरवलं. आमचे पासपोर्ट एकदा निघाले होते, अनुपम जर्मनीत कामाला होता तेव्हा, आम्ही जाऊ म्हणून. ते जाणं झालं नाही आणि पासपोर्ट कपाटात पडून संपले. म्हटलं, आपला नवा काढून ठेवावा. दुसऱ्यांदा विचारलं आणि हातात पासपोर्ट नाही, असं नको. भय्यासाहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, न बोलावता निघाली का? त्यांना सांगितलं, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते. दाखला मी नोव्हेंबरातच दिला होता, पण ह्यांच्या कुठे लक्षात राहतं.

ह्यांचंही अलीकडे काही तरी चालू होतं. गुडघ्याच्या डॉक्टरकडे फेऱ्या वाढल्या होत्या. पहाटे उठून नवे बूट घालून मदन महलच्या टेकडीकडे जायचे आणि घामाघूम होऊन परत यायचे. मला वाटलं, साखर वाढली असेल, सांगत नाहीत. मनातून थोडी घाबरलेच होते.

तोवर जानेवारी उलटला. एका रविवारी मेघना म्हणाली, "आई, मेमध्ये तुम्ही दोघं इकडे बंगळुरूला या न. आम्ही तिकडे असू, घर मोकळं. तुम्हाला नवतपाच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हातून सुटका. आणि बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला कोणी तरी लागतंच."

मी म्हटलं, "नको ग, कशाला?"

"असं काय, आई! याच तुम्ही."

"अगं नको, इथलं घर कोण बघेल?"

"माझ्यासाठी तरी या. आम्ही धरूनच चाललोय बघा."

मग मी सुस्कारा टाकला आणि म्हटलं, "बरं बाई, एवढं म्हणतेस तर."

फोन बंद केला आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीनदा! एकदा, दोनदा, तीनदा, अगदी रीतीप्रमाणे, शेवटी 'माझ्यासाठी' लावून. धरमपेठेतल्या मुलीला आग्रह येत नाही असं कसं होईल? अनुपमला माहीत नव्हतं, त्याचं ट्रेनिंग झालेलं. हिला माहीत होतं. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी मी नको म्हटलं तेव्हा ती तिथेच बसली होती, कानातलं चाचपत, आणि तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? तसं तिचंही समजतं. वर्षात एकदा सुट्टी, त्यातही सासूसासरे. पण झाडांना पाणी घालायला आम्ही चालतो आणि समुद्राला चालत नाही, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

त्या आठवड्यात दारावर पोलीस आला. पासपोर्टची चौकशी करायला आलेला शिपाई, तिवारी म्हणून. मी मुद्दाम त्याला दुपारी बोलावलं होतं, भय्यासाहेब सिविल लाइंसला मित्राकडे पत्ते खेळायला जातात तेव्हा. नेमके त्या दिवशी मित्राला ताप आला आणि हे घरी. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत ह्यांनी दार उघडलं होतं.

दारात खाकी कपडे पाहून ह्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "अरे तिवारीजी, हमने कहा था न, घर मत आना!"

तिवारी म्हणाला, "साहब, आपका तो पिछले महीने हो गया. आज माताजी का है."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे. तिवारी बिचारा आमच्या दोघांकडे बघत उभा राहिला, मग म्हणाला, "चाय रहने दीजिए," आणि सही घेऊन निघून गेला. त्याने मात्र चहाला पहिलंच नको म्हटलं आणि आम्ही आग्रह केला नाही.

"अच्छा!" मी कमरेवर हात ठेवून म्हटलं. "म्हणजे तुमचे गुडघ्याचे डॉक्टर पासपोर्ट ऑफिसात बसतात!"

"आणि तुझा हयातीचा दाखला? तो काहून पोलिसाजवळ?"

"आणि ते बूट? ती टेकडी?"

"चेफालूला चढ आहे म्हणालीस न तू," हे पुटपुटले. "म्हटलं, सवय करून ठेवावी."

मला हसू आलं, आणि लगेच रडू. "अहो, मग मला सांगितलं काहून नाही?"

"तू नको म्हणालीस न अनुपमला. मला वाटलं, तुला नाही यायचं."

"तुम्हीसुद्धा? इतकी वर्षं माझ्या हातचं जेवून? त्या पोराचं जाऊ द्या, तुम्हाला माझी बोटं दिसत नाहीत?"

ते खुर्चीत बसले. गुडघे चोळले. मग हळूच म्हणाले, "तू तरी मला विचारलं का दुसऱ्यांदा? गुडघे म्हटलं, तर गुडघेच धरून बसलीस."

खरंच नव्हतं विचारलं. मी उठून चहा टाकला.

चहा झाल्यावर प्रश्न उरला तो एकच. मागायचं कोणी? भय्यासाहेब म्हणाले, "बापाने पोराजवळ फिरायला न्या म्हणून मागायचं? माझ्याच्याने नाही होणार." मी म्हटलं, "मग पासपोर्टांची काय पूजा मांडायची?" आमच्या घरात आजवर कोणी काही मागितलं नव्हतं. ज्याला जे हवं ते त्याने नको म्हणून मिळवलं होतं.

रविवार आला. अनुपम आल्या आल्या म्हणाला, "आई, उद्या तिकिटं काढून टाकतो. चेफालूत समुद्रासमोरचं घर मिळालं, तीन खोल्यांचं. एक जास्तच आहे, सामान ठेवू."

सामान! माझी कानशिलं तापली. माझं मेतकूट त्या खोलीत राहणार होतं, समुद्राकडे तोंड करून. आज बोलले नाही तर मेमध्ये मी बंगळुरूला एका बाल्कनीत पाण्याची झारी घेऊन उभी असेन, आणि अवंती मला फोनवर लाटा दाखवेल. पदराच्या टोकाला पीळ देत मी म्हटलं, "अनुपम, मला यायचं आहे."

"कुठे?"

"सिसिलीला. मला समुद्र पाहायचा आहे. मी पाहिलेला नाही."

तो फोनमध्ये इतका जवळ आला की नुसता चष्माच दिसायला लागला. "आई, पण तू तर नाही म्हणालीस."

"म्हणाले. एकदा. तू पुन्हा विचारलंच नाहीस."

तो काही बोलायच्या आत मागून मेघना आली. हसू ओठांवर यायला थोडा वेळ लागला, पण आलं. "अगबाई, या न आई! नक्की या. मी तर केव्हाची म्हणतेय. फक्त ते चालणं, चढ, तुम्हाला त्रास नको व्हायला."

एकदाच 'या', आणि लगेच 'फक्त'. ही भाषा मला तिच्याइतकीच येते. हे वाढायला आणलेलं नव्हतं, नुसतं ताटावरून फिरवलेलं होतं. अशा वेळी जाणत्या माणसाने म्हणायचं असतं, 'नको ग, तुम्हीच जा, मी आपलं सहज म्हटलं.' मग सगळे सुखी. तिने माझ्याकडे बघितलं. वाट बघत होती ती, माझ्या नकोची. सासूबाई वरून 'हावरट' म्हणतील की काय असंही एकदा मनात आलं. जीभ टाळूला लागलीच होती, सवयीने.

मी म्हटलं, "ओके."

"म्हणजे?"

"येते. तू म्हणतेस न, या. आले."

मेघना म्हणाली, "अरे वा!" आणि कानातलं चाचपायला लागली. राग आला असेल तिला. येऊ दे. मेतकूट मी तिला दुप्पट करून देईन. समुद्र काही लहान नाही, दोघींना पुरेल. तिकडून अवंती ओरडली, "आजी आ रही है, आजी आ रही है!" आणि मला काय वाटलं ते सांगू का? आनंद झाला. निव्वळ आनंद. लाज नाही, संकोच नाही. पहिल्या हाकेला ताट पुढे केलं की असं वाटतं, हे मला सत्तरीला आल्यावर कळलं.

अनुपम हसत होता. म्हणाला, "चलो, मस्त. बाबा, मग तुम्ही? येणार का?"

मी ह्यांच्याकडे वळले. नवे बूट पायात, नवा पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात. सकाळपासून तो खिशात ठेवून बसले होते, खिशावरून अधूनमधून हात फिरवत. आणि या माणसाने घसा साफ केला आणि म्हटलं, "अरे नाही रे. मला कुठे नेता. तुम्ही जा, माझे गुडघे आहेत न." वर हात आडवा धरला, फोनच्या समोर, ताटावर धरतात तसा.

"ओके बाबा," अनुपम म्हणाला, "मग आईचं एकटीचं..."

"थांब," मी म्हटलं. भय्यासाहेबांचा हात धरून मी तो फोनच्या अगदी जवळ नेला. चारी बोटं फाकलेली होती. "अनुपम, ही बोटं बघ नीट. आणि बाबांना अजून एकदा विचार."